पांढऱ्या चौकोनातलं जहाज

मुलगी सातव्या महिन्यात आमच्याकडे सिंदेवाहीला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा शिरस्ता. त्यावर चर्चा झालीच नाही. सोबत एक बॅग आणि ऑफिसचा लॅपटॉप होता. जावई तेव्हा अंटार्क्टिकाकडे गेलेल्या मालवाहू जहाजावर इंजिनाचं काम पाहत होता. तिथल्या संशोधन तळांवर वर्षभराचं धान्य आणि डिझेल उतरवायचं, परत फिरायचं आणि बाळंतपणाच्या आधी घर गाठायचं, असं ठरलेलं होतं.

जानेवारीत जहाज अडकलं. वाऱ्यानं समुद्रातला बर्फ किनाऱ्याकडे ढकलला आणि तो जहाजाभोवती दाबून बसला. अन्न आणि इंधन पुरेसं होतं. जिवाला धोका नव्हता. पण मार्चपासून तिथला समुद्र नव्यानं गोठू लागतो. त्याआधी जहाज निघालं नाही तर पुढचा उन्हाळा येईपर्यंत निघणार नव्हतं. बाकीच्यांना विमानानं हलवता आलं असतं. इंजिनाची माणसं जहाजावरच राहतात. म्हणजे लेकरू चालू लागल्यावर बापाला दिसलं असतं.

मुलीचं काम नेमकं याच बर्फाशी संबंधित आहे. प्रत्येक वस्तू अतिशय क्षीण अशा सूक्ष्मलहरी बाहेर टाकते. उघडा समुद्र कमी टाकतो, गोठलेला जास्त. उपग्रह त्या वरून मोजतो. ढग असले, महिनोन्‌महिने अंधार असला तरी त्याचं अडत नाही. त्या मोजणीवरून रोजचा नकाशा तयार होतो: बर्फ पांढरा, पाणी निळं. रजेवर असूनही ती रोज सकाळी तो उघडायची.

नकाशातला एक चौकोन पंचवीस किलोमीटर बाजूचा. तिनं मला एकदा समजावून सांगितलं, "बाबा, आपलं गाव, धानाचं संशोधन केंद्र, मागचं जंगल, मूल शहराच्या रस्त्यावरची गावं, हे सारं एका चौकोनात. साऱ्यांचा मिळून एकच रंग. त्यात जहाज कुठी आहे, ते मले नाई दिसत."

तिचा स्वतःचा वावर त्याहून पुष्कळ लहान होता. त्या हिवाळ्यात वाघ गावाच्या कडेला, लाखोळीची डाळ पेरलेल्या धानाच्या बांध्यांपर्यंत येत होता. वनविभागाची जीप भोंगा लावून फिरायची: अंधार पडायच्या आत घरी या, एकट्यानं बाहेर जाऊ नका. डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं होतं. ती अंगणात चालायची, फाटकापासून विहिरीपर्यंत आणि परत. शेजारची बाई रानातून परतताना कुंपणापाशी थांबायची.

"पोरी, आज कसा आहे तुया दर्या?"

"पांढरा."

"तिकडं वाघ तं नाई नं?"

"नाई."

"मंग सुखी आहे तो."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मुलगी आंघोळीला गेली होती आणि लॅपटॉप टेबलावर उघडा होता. बायकोनं पाहिलं, जहाजाचा चौकोन निळा झाला होता. आजूबाजूचे दोन-तीनही निळे. ती कोणाला काही न विचारता मारुतीच्या देवळात गेली, नारळ फोडून आली, शेजारच्या बाईलाही बोलावलं. मुलगी बाहेर आली तेव्हा बायकोनं तिच्या हातावर खोबरं ठेवलं. तिनं ते तोंडात टाकलं आणि मग विचारलं, "कायचा परसाद?"

"सुटलं नं जहाज. निळं झालं."

मुलीनं नकाशा पाहिला. खुर्ची ओढून बसली. "नाई सुटलं, आई."

"निळं म्हणजे पाणी, तूच सांगतलं होतं."

"पाणीच आहे. पण बर्फावर आहे. ऊन पडलं, वरचा थर वितळला. बांधीत पाणी भरलं तं खालची जमीन जाते का? उपग्रहाले वरचंच दिसते. त्याले वाटते समुद्र मोकळा झाला."

शेजारची बाई हातातल्या खोबऱ्याकडे पाहत म्हणाली, "नारळ तं फुटला, बाई. आता जोडाचा का?"

आधी मुलगीच हसली, पोटावर हात धरून.

दुपारी जावयाचा निरोप आला. जहाजावरून दोन-तीन ओळीच पाठवता येत. लिहिलं होतं: सगळे म्हणतात, नकाशा निळा झाला, एक-दोन दिवसांत निघू. तुला काय वाटतं? मुलीनं काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं ते असं: पाणी वरचं आहे. भरवसा ठेवू नको.

"त्याले जरा बरं वाटलं असतं," बायको म्हणाली.

"एक दिवस," मुलगी म्हणाली.

थंडी परतल्यावर चौकोन पुन्हा पांढरा झाला.

महिनाअखेरीस चंद्रपूरला तिची प्रसूती झाली. मुलगी झाली. घरी आणल्यावर दोघींना मागच्या खोलीत ठेवलं. बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, दाराला जाड पडदा. बाळंतिणीनं डोळे शिणवू नयेत म्हणून बायकोनं लॅपटॉप काढून घेतला. त्यामुळे रोज सकाळी नकाशा पाहणं माझ्याकडे आलं. पडद्याआडून प्रश्न यायचा.

"बाबा, पांढरा का निळा?"

"पांढरा."

मी रंग सांगायचो, बाकी काही नाही. खोलीतून एवढंच ऐकू यायचं की ती कूस बदलते आहे.

मार्च लागला तसे आजूबाजूचे राहिलेले निळे चौकोनही एकेक करून भरू लागले. तिनं विचारायचं थांबवलं. मी मात्र पाहत राहिलो. अशाच एका सकाळी लॅपटॉपवर जावयाचा निरोप आला: वारा फिरला. भेग पडली, जहाजाच्या दुपटीएवढी रुंद. तिच्यातून निघालो. पुढं मोकळं पाणी आहे.

मी नकाशा उघडला. चौकोन पांढराच होता. पडद्याशी जाऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या.

"पांढराच राहीन तो," ती म्हणाली. "एवढीशी भेग त्याले नाई दिसत." मग: "निघाला म्हणता नं?"

"तसं त्यानं लिहिलंय."

बायकोनं या वेळी नारळ आणला, पण फोडला नाही. कपाटावर, बंद लॅपटॉपशेजारी ठेवला. शेजारच्या बाईनं कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "तो दारात उभा दिसला का मंग फोडीन."

आतून मुलीचा आवाज आला. "आई, तो तं सुटला. मले कवा सोडता?"

"सव्वा महिना होऊ दे," बायको म्हणाली आणि शेगडीत नवे कोळसे घालायला आत गेली. पडदा तिच्यामागं पुन्हा बंद झाला.