मावशीचं घर आणि साहेबांची सही

साहेब महापौर झाले त्या वर्षी मी त्यांच्याकडे टायपिस्ट म्हणून लागले. नारायणगुड्यात आमच्या दोन खोल्या, त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून. आधी ते गणिताच्या शिकवण्या घेत. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. ते तेलुगू, आम्ही मराठी, बोलणं सगळं दख्खनीत.

लोक सकाळपासून अर्ज घेऊन येत. महापौर म्हणजे शहराचा मालक, असं त्यांना वाटे. मलाही वाटायचं. पण सही चालायची आयुक्तांची. साहेबांच्या हाती फक्त विनंती. तरी तिचा उपयोग व्हायचा. कुकटपल्लीच्या मागच्या वस्तीत पाणी आलं ते अशाच एका पत्रामुळे. तिथं माझी मावशी राहायची. नांदेडहून आलेली, जन्मभर दवाखान्यात आया. निवृत्तीनंतर नाल्याकाठी दोन खोल्या बांधल्या होत्या तिनं. पाणी सुरू झालं त्या दिवशी साहेब तिच्या ओट्यावर बसून ज्वारीची भाकरी जेवले.

मग ते खासदार झाले. आणि वर्षभरात वस्तीतल्या भिंतींवर लाल रंगाचे आकडे पडले. नाला रुंद करायला ती घरं पाडायची होती. मावशीचा फोन आला.

"तुझ्या साहेबांना सांग गं. आता तर अजून मोठे झालेत ना ते?"

साहेबांनी नव्या महापौरांना फोन केला. ते म्हणाले, आयुक्तांना विचारा. आयुक्त म्हणाले, फाइल सरकारकडे आहे. मंत्र्यांनी चहा पाजला आणि कोर्टाकडे बोट दाखवलं. मी पत्रांवर पत्रं टाइप करत राहिले. शेवटी लोकसभेत त्यांना बोलायला मिळालं. मावशी आणि मी टीव्हीसमोर बसलो. वस्तीचं नाव घेईपर्यंत वेळ संपल्याची घंटा वाजली आणि माइक बंद झाला. साहेबांचे ओठ मात्र हलत होते.

"पुढं काय म्हणाले गं?" मावशीनं विचारलं.

भाषण मीच टाइप केलेलं. "लोकांनी घरपट्टी भरलीय, म्हणाले."

"बरोबर बोलले," ती म्हणाली.

पाडायची मशीन आली त्या सकाळी साहेब स्वतः तिथं उभे राहिले. धोतराचा सोगा एका हातात, दुसरा हात वर. लोकांना जरा धीर आला. एक तरुण अधिकारी पुढं आला, वाकून नमस्कार केला आणि एक कागद त्यांच्यापुढं धरला.

"सर, ये आप ही के टाइम का ठराव है."

साहेबांनी चष्मा लावला. मी त्यांच्या खांद्यामागून पाहिलं. महापौर असताना एका पुरानंतर सभेत घाईनं मंजूर केलेला नाला रुंदीकरणाचा ठराव. खाली सभेचे अध्यक्ष म्हणून त्यांची सही. डाव्या कोपऱ्यात, टाइप करणाऱ्याची म्हणून, माझ्या नावाची दोन अक्षरं. नकाशावर तेव्हा नुसती एक रेघ होती. त्या रेघेत मावशीचं घर येतं, हे मला कळलंच नव्हतं. त्यांनाही नसावं.

साहेबांनी कागद परत दिला. बाजूला झाले. मावशीनं आधीच भांडी गोणीत भरून ठेवली होती. मी गोणी उचलली. भिंत पडायला फार वेळ लागला नाही.

पुढच्या निवडणुकीला त्यांनी अर्ज भरला नाही. त्याआधी एकदा ते आमच्याकडे आले, तिथंच राहायला आलेल्या मावशीसमोर हात जोडले. "बहन, मेरे से गलती हुई."

"आप भी क्या करते, साब," मावशी म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. साहेब रुमालात तोंड घालून बसले. त्या ठरावातली अक्षरं कोणाची, हे मी मावशीला आजवर सांगितलेलं नाही.

तिला शहराबाहेर चौथ्या मजल्यावर एक खोली मंजूर झालीय म्हणतात. चौकशीला दर सोमवारी मी महापालिकेत जाते. खिडकीतला माणूस ओळखीचा झालाय. मला पाहिलं की मी विचारायच्या आधीच तो नकाराची मान हलवतो.