मंगलताईंबरोबर खाल्लेलं पुणं

परभणीच्या स्टँडवर आईनं माझी बॅग गाडीत चढवली आणि खिडकीखाली उभी राहून हळूच म्हणाली, "तिकडं कुणाच्या डोळ्यावर येऊ नकोस." नवऱ्यापासून फारकत घेऊन वर्षभर माहेरी राहिलेली मुलगी गल्लीत सगळ्यांच्याच डोळ्यावर आली होती. दादा, माझे वडील, तर स्टँडवर आलेच नाहीत. पुण्यात आयटीतली नोकरी लागल्याचा आनंद मला एकटीलाच होता.

मैत्रिणींनो, तिकडं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघालेल्यांनो, पुण्याला लागून असलेल्या भूगावात खोली घेऊन मी आईचा शब्द बरेच दिवस पाळला. कॅब, लॅपटॉप, मेसचा डबा. वीकेंडला दार लावून झोपायचं.

खाली घरमालकीण मंगलताई राहायच्या. माहेर पलीकडच्या माले गावचं, सासर इथलंच. जमीन बिल्डरकडे गेली, नवरा आजारात गेला, खोल्या उरल्या. एका रविवारी मी सहज विचारलं, पुण्यात मिसळ कुठं चांगली मिळते?

"मला काय म्हाईत? माझं पुनं म्हंजे दवाखाना. हे आजारी हुते तवा खालच्या हाटेलातनं मिसळीचा वास वर वार्डात यायचा. लई भूक लागायची. पन मानूस वर पडलेलं, आन आपुन खाली खायाचं कसं?"

मी स्कूटीची चावी घेतली. "चला, तिथंच जाऊ."

त्या हॉटेलात त्यांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ समोरच्या दवाखान्याकडे बघत राहिल्या. मग डोळे पुसले आणि रस्सा परत मागवला.

पुढं रविवार आमचाच झाला. कॅम्पात इराणी चहा आणि बनमस्का. पेठेत मस्तानी, "दूध चमच्यानं खायाला रांग लावत्यात व्हय?" असं म्हणत ताईंनी ग्लास तळापर्यंत संपवला. शिळी भाकरी आली तर आवाज न चढवता, पण नजर न हलवता ती परत कशी पाठवायची, हे मी त्यांच्याकडून शिकले. ऑफिसातल्या मीटिंगमध्येही ते मला उपयोगी पडलं.

एकदा पौड रस्त्याला मटण खायला गेलो. वेटर आम्हाला पडद्याआडच्या फॅमिली सेक्शनकडे नेऊ लागला. "आमी हितंच बसतो, वारं लागतंय," ताई म्हणाल्या. ताट आलं आणि दारातून त्यांचे धाकटे दीर मित्रांसोबत आत शिरले. आम्हाला पाहून जागीच थांबले.

"वहिनी, हे बरं दिसतं का? उठा, घरी चला."

माझा घास हातातच राहिला. ताईंनी भाकरी मोडली. "बसा भावजी. रस्सा चांगला हाय."

ते बसले नाहीत. संध्याकाळी मात्र घरी आले. "ही पोरगी तुमाला बिघडवतीया. खोली खाली करून घ्या."

"खोली माझ्या नावावर हाय," ताई म्हणाल्या. "ती ऱ्हाईल. आन मी चाळिशी वलांडलेली बाई, मला आता कोन बिघडवनार?"

त्याच आठवड्यात दादांचा फोन आला. बिजवराचं स्थळ होतं. नोकरी सोडून ये, म्हणाले. एरवी मी 'बघते' म्हणून वेळ मारून नेई. या वेळी मी म्हणाले, "मी येणार नाही, दादा. दिवाळीला येईन, चार दिवस राहीन आणि परत जाईन." त्यांनी फोन ठेवला. मी समजूत घालायला पुन्हा फोन लावला नाही.

परभणीची आठवण येते. आईची तर रोज येते. पण रविवारी सकाळी जिन्याखालून "आज कुटं जायाचं गं?" अशी हाक आली, की मला माझं घर कुठं आहे ते कळतं. ताईंचे भावजी रस्त्याकडेच्या आपल्या घराच्या ओट्यावर पेपर वाचत बसलेले असतात. मागच्या गल्लीतूनही रस्ता आहे. आम्ही त्यांच्या समोरून जातो.