थोरल्या जावेचा एक नंबर

वाटणी झाली तेव्हा आमच्या नांदेडच्या घरात सगळंच दोन-दोन झालं. मोठे दीर आणि जाऊबाई वर, आम्ही खाली. विजेचे मीटर दोन, पाण्याच्या टाक्या दोन, इंटरनेटही दोन. तेही एकाच केबलवाल्याकडून, कारण तो आमच्याच गल्लीतला. दुसरीकडून घेतलं असतं तर त्याला तोंड कसं दाखवायचं? जिन्याच्या मध्यावर दार बसलं आणि त्याला दोन्ही बाजूंनी कडी.

मी घरून ऑनलाइन गणित शिकवते. भर वर्गात लाइन जायला लागली, तेव्हा क्लासच्या मालकीणबाईंनी गोड आवाजात सांगितलं की सोमवारी पुन्हा असं झालं तर वर्ग दुसऱ्या बाईंना द्यावा लागेल. मला गोड बोलणाऱ्यांचा जास्तच राग येतो. पण लग्नानंतर मला मिळालेलं हे पहिलं काम होतं. ते जाणार, या धास्तीने मी केबलवाल्याला फोन लावला.

तो म्हणाला, "भाभी, तुमची लाइन पुढच्या खांबावरून हाय, वरच्यांची मागच्या. दोन्ही एकाच राऊटरला जोडा. एक गेली तर दुसरी चालंल."

दोन लाइनी घेणारा राऊटर आणला. अवघड काम पुढेच होतं. माझ्या बाजूची कडी काढून मी जिन्यातलं दार वाजवलं.

जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सोड की मग वायर," त्या म्हणाल्या. "इचारायला इतके दिस कामून लागले?"

वायर दारातून खाली आली. दोन्ही लाइनी जोडल्या आणि चालू होतं तेही बंद पडलं. एकेकटी लाव, चालते. दोन्ही लावल्या की ठप्प. मी राऊटरची सेटिंग उघडून बसले. केबलवाल्याने वर आणि खाली बसवलेल्या दोन्ही डब्यांचा, म्हणजे मोडेमचा, पत्ता एकच दिसत होता, १९२.१६८.१.१.

जाऊबाई चष्मा सावरत वाकल्या. "हे आपल्या पार्सलावानी झालं की."

खरंच तसंच झालं होतं. आडनाव एक, घर नंबर एक, म्हणून त्यांची साडी माझ्याकडे यायची आणि माझी पुस्तकं वर जायची. शेवटी आम्ही पत्त्यात 'वरचा मजला' लिहायला लागलो. इथेही केबलवाल्याने दोन्ही डबे एकाच पत्त्यावर बसवले होते आणि राऊटरला कुठे जावं ते कळत नव्हतं. एका डब्याच्या पत्त्यात शेवटून दुसऱ्या एकाचे दोन करायचे होते. मी वरचा डबा बदलायला घेतला.

"आमाला दोन कामून? थोरले आमी हाव."

त्या अजिबात हसत नव्हत्या. मी खालच्या डब्याला दोन दिला. लाइनी सुरू झाल्या.

सोमवारी ऐन अपूर्णांकांत माझ्या डब्याचा दिवा लाल झाला. क्षणभर चित्र अडखळलं, मग एका मुलीचा आवाज आला, "टीचर, छेद सारखा का करायचा?" वर्ग चालूच होता. वरची लाइन मला ओढून नेत होती. इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. छेद सारखा का करायचा, ते मी सावकाश समजावून सांगितलं.

वर्ग संपल्यावर जिन्यातून आवाज आला, "लाइन गेल्ती का गं?"

"माझी गेली होती, ताई. तुमची होती ना."

वायरीमुळे जिन्यातलं दार आता लागत नाही. केबलवाला म्हणतो, भिंतीला भोक पाडून वायर तिथून घेतो, म्हणजे कडी नीट बसेल. आम्ही दोघींनी त्याला अजून हो म्हटलेलं नाही.