मशीन तीनवर

माझं एक काम असं आहे की ते मी पाहुणे जेवत असताना सांगत नाही. एरवी मी रत्नागिरीतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मुलींना कबड्डी आणि खो-खो शिकवते, दिवसभर शिट्टी फुंकते आणि संध्याकाळी घसा बसवून घरी येते. पण सुट्टी मिळाली की मी मोठमोठ्या स्पर्धांना जाते आणि खेळाडू मुलींच्या मागोमाग स्वच्छतागृहात जाऊन उभी राहते. उत्तेजक चाचणीसाठी लघवीचा नमुना लागतो. तो त्याच मुलीचा आहे, घरून बाटलीत भरून आणलेला नाही, हे कुणीतरी डोळ्यांनी पाहावं लागतं. ते डोळे माझे.

हे आईला कळलं तेव्हा तिने शेजारीपाजारी सांगून टाकलं की मुलगी आता तपासणी अधिकारी झाली. बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले की इतकं शिकून हेच राहिलं होतं काय. नंतर मात्र त्यांना गंमत वाटायला लागली. मी स्पर्धेहून परतले की पहिला प्रश्न ठरलेला: कोण सापडली काय?

खरं सांगायचं तर माझ्यादेखत कुणी सापडत नाही. निकाल प्रयोगशाळेतून येतो, तोही महिन्या-दोन महिन्यांनी. माझ्या वाट्याला येतं ते थांबणं. शर्यत पळून घामाने कोरड्या झालेल्या मुली तासन्‌तास पाणी पीत बसतात आणि आम्ही गप्पा मारतो. एका जलतरणपटूचे हात इतके लांब होते की खुर्चीत बसून ती चपलेचा पट्टा लावायची आणि वाकायचीसुद्धा नाही. मी तिला म्हटलं, हे हातच तपासायला हवेत. ती हसली आणि म्हणाली, ते आजीकडून आलेत, आजीला तपासा. जन्माने मिळालं ते तुमचं, वरून घातलं ते चोरीचं, असा साधारण आमचा हिशोब. आजारी माणसाला औषध लागत असेल तर आधी परवानगी काढायची. औषधाने तो इतरांच्या बरोबरीला येत असेल तर चालतं, बरोबरीच्या वर जात असेल तर नाही.

एक वजन उचलणारी मुलगी मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. फॉर्म भरताना तिने बंदी असलेल्या एका खोकल्याच्या औषधाचं नाव लिहिलं आणि माझा चेहरा बघून घाबरली. मला कुणी सांगितलंच नव्हतं, असं म्हणून ती रडायला लागली. मी तिला समजावलं की शरीरात जे सापडतं त्याची जबाबदारी खेळाडूची असते आणि सूचना सगळ्यांना एकत्र वाचून दाखवल्या होत्या. मी हे अगदी प्रेमाने सांगितलं, पाठीवर हात ठेवून. मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आता नारळाकडे येते.

आमच्या पाखाडीत, म्हणजे वाडीत, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की नारळ लढवतात. खेळ सोपा आहे. सोललेला नारळ एकाने मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ त्यावर आपटायचा, मग उलट. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. पूर्वी जो तो आपापला नारळ घेऊन यायचा. मग कुणीतरी डोळ्यातून राळ ओतून आणलेला नारळ पकडला गेला, तेव्हापासून मंडळच गोणी आणून ठेवतं आणि त्यातूनच प्रत्येकाने एक नारळ निवडायचा. या निवडण्यातच सगळा खेळ आहे. मनगट नंतर.

बाबा या निवडण्याचे बादशहा होते. ते तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. तरुणपणी बिनइंजिनाच्या होडीवर असताना वल्हं पाण्यात सोडून त्याला कान लावायचे आणि खाली ढोमी माशांचा थवा आहे की नाही ते सांगायचे. ढोमी आवाज करते, पण तो सगळ्यांना ऐकू येत नाही. बाबांना यायचा. मिरकरवाडा बंदरात त्यांच्या कानाला मान होता. तोच कान ते नारळाला लावायचे. बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे आणि कुठल्या नारळाला आतून बारीक चीर आहे, कुठल्याची करवंटी जाड आहे ते ओळखायचे. वर्षानुवर्षं आमच्या घरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी फुटक्या नारळांची रास असायची आणि आई आठवडाभर खोबरं किसत बसायची.

मग ट्रॉलर आला. पंचवीस-तीस वर्षं इंजिनाच्या डोक्यावर उभं राहून बाबांचे दोन्ही कान गेले. आधी ढोमी गेली, मग नारळ गेला, मग माणसं. ते मासळीच्या लिलावाला जाऊन बसायचे ते बंद झाले, कारण कुणी थट्टा केली तर आपण कुठे हसायचं ते कळेना. कानाचं मशीन आणलं, ते कपाटात ठेवून दिलं. त्यासाठी मी त्यांच्याशी दोन वर्षं भांडले. यंदा मेमध्ये कधीतरी त्यांनी ते मुकाट्याने कानात घातलं, आणि जूनमध्ये आईने फोनवर सांगितलं की तुझे बाबा अंगणात बसून नारळ वाजवतायत. मला फार बरं वाटलं. इतकं की मी शाळेच्या मैदानावर उगाचच मुलींना एक फेरी माफ केली.

तक्रार केली बाबांच्या जुन्या खलाशाने. हे काका बाबांच्याच वयाचे, आयुष्यभराचे दोस्त, आणि गेली काही वर्षं बाबा खेळत नव्हते तेव्हा सलग जिंकणारे. त्यांचा पंजा एवढा मोठा की मुठीत नारळ अख्खा नाहीसा व्हायचा. त्यांचं म्हणणं, तांडेल मशीन लावून नारळ निवडणार, मग उद्या कुणी दुर्बीण घेऊन येईल. मंडळाच्या लोकांना माझ्या त्या दुसऱ्या कामाची आठवण झाली आणि यंदा पंच म्हणून त्यांनी मलाच बोलावलं.

बाबा मंडळाच्या बैठकीला आले नाहीत. निरोप मात्र पाठवला, आणि तो मला शब्दशः आठवतो.

"त्याचा पंजा देवान दिलान, माजा कान पन देवान दिलला. तो इंजिनान नेला. मी परत आनला तर ह्याच्या पोटात का दुखता?"

मी हसले, पण रात्रभर विचार केला. नाही म्हटलं तर मशीन परत कपाटात जाणार, आणि मशीनबरोबर बाबाही. हो म्हटलं तर लोक म्हणणार, बापाला सोडलान. शेवटी मी माझ्या कामातलाच नियम उचलला. मशीन लावायला परवानगी, पण कानाच्या डॉक्टरांनी जो आकडा लावून दिलाय त्यावरच. बाबांच्या मशीनला बारीक चाक आहे, एक ते पाच. डॉक्टरांनी तीनवर ठेवायला सांगितलं होतं. तीनवर म्हणजे इतरांच्या बरोबरी, त्यावर म्हणजे उत्तेजक. मंडळालाही ते पटलं.

यानंतर मी जे केलं त्याचा मला तेव्हा अभिमान वाटत होता. दोन दिवस मी आईबाबांकडे फिरकलेच नाही. घरच्या खेळाडूला नियम आधी सांगणं म्हणजे पेपर फोडणं, असं मी ठरवलं. मंडळाच्या लोकांनाही बजावलं की मैदानावर सगळ्यांना एकदमच सांगणार, तोवर कुणी काही बोलायचं नाही. आईने फोन केला, तर मी शाळेत काम आहे म्हणून थाप मारली.

पौर्णिमेला दुपारी पावसाने उघडीप दिली, पण वारा असा की पदर डोक्यावर राहीना. समुद्राला नारळ वाहून झाला. मंडळाचा माइक सकाळच्या सरीत भिजून मुका झाला होता. मी म्हटलं, काही अडत नाही, माझा आवाज शाळेच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतो. खेळाडू गोणींपाशी ओळीने उभे होते, बाबा अगदी पलीकडच्या टोकाला, इस्त्रीचा सदरा घालून. मी वाळूवर उभी राहून सगळे नियम ओरडून सांगितले, मशीनचाही. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मीही मान हलवली. मग निवडायला पाच मिनिटं दिली आणि ओळीच्या कडेने फिरायला लागले.

बाबांनी चार-पाच नारळ बाजूला टाकले. सहावा उचलला, टकटक केली, कानापाशी नेला, आणि बारीक शिट्टी वाजली. कुणाचा तरी मोबाईल असेल असं बाकीच्यांना वाटलं. एकाने खिसाही चाचपला. मला मात्र ती शिट्टी पाठ आहे. मशीन तीनवर असेल तर कानाजवळ काही नेलं तरी ते गप्प असतं. पाचवर असेल तर शिट्टी मारतं. घरी फोन कानाला लावताना बाबांकडून हे कितीदा झालंय.

मला खोकला आल्याचं नाटक करता आलं असतं. दुसरीकडे बघता आलं असतं. तेवढ्यात शिट्टी थांबली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. मी वाळू तुडवत बाबांपाशी गेले आणि त्यांच्या कानामागे वाकून पाहिलं. चाक पाचवर होतं.

"बाबा, मशीन पाचवर आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "तुम्ही बाद."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या नारळाकडे. काका पुढे आले आणि म्हणाले की अगो, तीनवर करू दे नि खेळू दे, चुकून फिरला असेल चाक. ज्यांनी तक्रार केली तेच रदबदली करत होते, आणि मी त्यांना ऐकवलं की सापडल्यावर चूक आणि लबाडी असा फरक आमच्याकडे करत नाहीत, सूचना सगळ्यांना एकत्र दिली होती. तेच शब्द, तोच सूर. या वेळी कुणाच्या पाठीवर हात तेवढा ठेवला नाही.

बाबा "बरा" म्हणाले. नारळ गोणीत परत ठेवला, मशीन काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि काठावर जाऊन उभे राहिले. शेवटपर्यंत थांबले. काका जिंकले तेव्हा सगळ्यांच्या मागून, जरा उशिराने, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. लोक माझी पाठ थोपटत होते की बापाचीही गय केली नाही. आणि मला, खोटं कशाला बोलू, ते आवडत होतं.

संध्याकाळी घरी गेले. आईने नारळीभात केला होता आणि माझ्याशी बोलत नव्हती. बाबा ओटीवर बसले होते. मला वाटलं, आता मशीन कपाटात गेलं, संपलं सगळं. पण त्यांनी खिशातून ते काढलं, चष्मा लावला, चाक डोळ्यांजवळ धरून आकडा पाहिला, तीनवर आणलं आणि कानात घातलं. मग मला समोरच्या बाकावर बसायला सांगितलं. रागावलेले अजिबात दिसत नव्हते. त्याचीच मला भीती वाटली.

"तू तिकडसून कायतरी सांगीत होतीस, ता ऐकू येय ना," ते म्हणाले. "म्हनून मी पाचवर केला. तरी नुसता वाराच ऐकू आला. तर नियम काय होता गो?"

मला एकदम ती खोकल्याच्या औषधाची मुलगी आठवली. बहिऱ्या माणसाला मी पन्नास हातांवरून, वाऱ्यात, ओरडून नियम सांगितला होता. त्याने तो ऐकायची खटपट केली, आणि त्या खटपटीबद्दलच मी त्याला बाद केलं होतं. सगळ्यांना सारखंच सांगायचं म्हणून मी दोन दिवस आईचा फोनसुद्धा टाळला होता. एका ओळीत उभे असले तरी सगळ्यांना सारखं ऐकू येत नाही, हे त्या वाळूवर माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत होतं?

मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि आधी नियम सांग म्हणाले. मी कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात सगळा सांगितला. डॉक्टरांचा आकडा, तीन म्हणजे का बरोबरी, पाच म्हणजे का जास्त. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, पूर्वी वल्ह्याला कान लावून ऐकायचे तसं. मशीनने शिट्टी मारली नाही.

"नियम बरोबर हाय," ते म्हणाले. "फुडच्या वर्साला असाच जवळ येऊन सांग."