दोन कमलबाई आणि एक लाल टिकली

चहा ओतून घ्या आधी. माझा हा गाढवपणा सांगायला जरा वेळ लागतो.

औरंगपुऱ्यात माझा छोटासा दवाखाना आहे. केसपेपर म्हणजे नुसते गठ्ठे. जुना कागद सापडेपर्यंत पेशंटचा ताप उतरायचा. शेवटी एका रविवारी मी स्वतः बसले. सगळे कागद आडनावाप्रमाणे लावले आणि शुगरवाल्यांच्या कागदावर लाल टिकली चिकटवली. काय तो थाट! नवऱ्याला कपाटाचा फोटो पाठवला.

सोमवारी वैजापूरच्या कमलबाई जाधव गुडघा दाखवायला आल्या. नाव ऐकलं, कपाटात हात घातला, कागद बाहेर. वर लाल टिकली.

"मावशी, तुम्हाला शुगर आहे. गोड बंद करा."

"मला? कवापासनं?"

"कागद खोटं बोलतो का?"

बिचाऱ्या मान डोलावून गेल्या. पंधरा दिवसांनी उपाशीपोटी आल्या. रक्त तपासलं तर शुगर एकदम नॉर्मल. मी काय करावं? बाहेर जाऊन बाकावरच्या सगळ्यांना सांगितलं, "बघा, ह्याला पथ्य म्हणतात."

तेवढ्यात कोपऱ्यातली एक बाई उठली.

"मॅडम, मी बी कमल जाधव. क्रांती चौकात ऱ्हाते. मागं रक्ताचा निकाल विचारायला आले, तर कागद बघून तुम्हीच म्हणलात, शुगर-बिगर काय नाय, बिनधास्त खा. म्हणून लई आंबे खाल्ले. आता चक्कर येतीय."

मी दोघींचे कागद काढून शेजारी-शेजारी ठेवले. एकीचा कागद बघून मी दुसरीला सांगत होते. आणि वर भाषण ठोकत होते, ते वेगळंच.

तिथल्या तिथं त्यांची शुगर तपासली. वाढलेली होती, पण वेळेवर सापडली. गोळ्या सुरू केल्या आणि दोघींपुढं हात जोडले. वाटलं, आता दवाखान्याला कुलूप लागतंय.

वैजापूरच्या कमलबाई म्हणाल्या, "उगं रडू नका. म्या गोड सोडलं म्हणून सून रोज माझं ताट बघाया लागली. आन् हिचं दुखणं बी घावलं. झालं गेलं सोडा."

एवढ्यावर थांबल्या नाहीत. दारातच बसल्या आणि येईल त्याला सांगू लागल्या, "आधी गाव सांगा, वय सांगा, मग दुखणं सांगा." आजही माझ्या प्रत्येक केसपेपरवर सगळ्यात वर गाव आणि वय असतं. त्या दिवशी त्या दोघींनी आरडाओरडा केला असता, तर मी कुणाला तोंड दाखवणार होते? त्यांचे उपकार मी विसरायची नाही.

त्याच दिवशी वैजापूरच्या कमलबाईंचा नवा कागद लिहिला. एकेक गोष्ट दोनदा विचारून लिहिली. त्यांनी तो वाचायला क्रांती चौकवाल्या कमलबाईंकडं दिला.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"गाव बरोबर हाय. वय बरोबर हाय. पण मॅडम, नाव तुमचं टाकलंय. गुडघे तुमचे दुखतेत व्हय?"