सावरीची उशी

महिना झाला. एका सकाळी सुनंदावहिनींचा फोन आला. "आप्पा गेले," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचे यजमान भिकनआप्पा सिल्वासाजवळ राखोलीच्या आमच्या धाग्याच्या कारखान्यात मशीन चालवायचे. मी त्यांचा साहेब, निदान कागदावर तरी.

आप्पा मूळचे तळोद्याकडचे. सिल्वासात आले त्या फाल्गुनात रस्त्याकडेला लालभडक फुललेली काटेसावर दिसली आणि परकं गाव एकदम ओळखीचं वाटलं, असं ते सांगत. सावर पार ब्रह्मदेशापर्यंतच्या रानांत वाढते, असं मी एकदा ऐकवलं, तर म्हणाले, मग तिकडेही बदली चालेल. तिच्या कळ्यांची भाजी ते डब्यात आणायचे, कुणाचं पोट बिघडलं की तिचा डिंक द्यायचे. दिवसभर पॉलिस्टरच्या धाग्यात काम करणाऱ्या या माणसाला, जिचं सूत निघत नाही त्या सावरीच्या कापसाचं भारी कौतुक. माझ्या दुखऱ्या मानेसाठी ते त्याची उशी करून देणार होते.

कारखान्याच्या कुंपणालगत एक सावर होती. नव्या शेडसाठी ती तोडायचं ठरलं, सही माझी. बोंडं वैशाखात पिकतात, तेवढं थांबा, असं सांगायला आप्पा केबिनमध्ये आले. वरून घाई आहे, असं मी म्हणालो. खरं तर मी वर विचारलंसुद्धा नव्हतं. चैत्रातच झाड आडवं झालं, लाकूड खोक्यांसाठी गेलं. कच्चं बोंड तोडायचं नाही असं सगळ्यांना बजावणाऱ्या आप्पांनी हिरवी बोंडं गोणीत भरली आणि आमलीतल्या चाळीच्या गच्चीवर वाळत घातली.

उशी झाली, पण आत कापसाचे गोळे. मी ओशाळलो.

"महिनाभर दम धरला असता ना साहेब, तर हे गोळे नसते राह्यले," आप्पा म्हणाले. "झाडाची काही चूक नाही."

पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मात्र दर वैशाखात विचारायचे, उशीला ऊन दाखवलं का? बायको म्हणते, पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेऊ. मी घेऊ देत नाही. एक गोळा नेमका मानेखाली येतो, तो येऊ दे.

यंदा विचारणारं कुणी नव्हतं. परवा आपणहून उशी गच्चीत नेली आणि राहवेना म्हणून वहिनींना फोन करून तसं सांगितलं.

"आता ती पालटा," त्या म्हणाल्या, "दोन्हीकडून ऊन लागू द्या."