कुंकवाने मेलेला प्रोसेसर

आमच्या घरातला पहिला मृत्यू प्रोसेसरचा झाला आणि त्याचा आळ मी बायकोवर घेतला. सतरा-अठरा वर्षं गप्प बसलो. आता लिहून टाकतो.

मी मोखाड्याला सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होतो. दोन हजार चार-पाचचा सुमार. घरच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला, तेव्हा नवा आणून मी स्वतःच बसवायचं ठरवलं. (कचेरीच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा ओढून काढला होता. एवढी पात्रता मला पुरेशी वाटली.) जुन्या बोर्डावरचा प्रोसेसर नव्यावर ठेवला, त्यावर पंखा बसवला. मग वायरींचा गुंता बघून माझ्यातला कारकून जागा झाला. फायलीला बांधतो तशी सगळ्या वायरींना मिळून लाल फीत बांधली. सुरेख दिसत होतं!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण अजून उघडंच होतं. माझ्या बायकोने, सुलभाने, विळी, मिक्सर आणि मोटरसायकलबरोबर कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावलं, वर चार अक्षता टाकल्या. सणाला आलेले तिचे थोरले भाऊ आणि शेजारची तीन घरं दाटीने बसली होती. मी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा तो काळाच.

रॅम काढून खोडरबराने घासली. काळाच. पंख्याखालच्या धातूला बोट लावलं. थंडगार. नाडी सोडून वैद्य मान हलवतात तशी मी हलवली. "प्रोसेसर गेला."

"असा कसा गेला?" मेहुण्यांनी विचारलं.

इथे 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. पण तीन घरं बघत होती, आणि माझी नजर नेमकी कुंकवावर गेली.

"कुंकू आत गेलं. शॉर्ट झालं."

हातातलं तबक सुलभाने हळूच खाली ठेवलं.

दसरा उलटल्यावर मी प्रोसेसर कापसात गुंडाळून स्टीलच्या डबीत ठेवला, डबीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि जव्हारची जीप पकडली. डबी मांडीवर, दोन्ही हात डबीवर. शेजारच्या म्हातारीने दबकत विचारलं, "कोण गेलं, भाऊ?"

"घरातलंच होतं," मी म्हणालो.

ड्रायव्हरने गाणं बंद केलं. म्हातारीने मला खिडकीची जागा दिली. (मी घेतली. हाही गुन्हा आवक रजिस्टरला नोंदवतो.) निम्म्या वाटेवर मात्र तिला राहवेना. "पण त्र्यंबक तर तिकडं मागं राहिलं. तुम्ही अस्थी जव्हारला कुठं नेता?"

जव्हारच्या कॉम्प्युटरवाल्या भोयेने प्रोसेसर स्वतःच्या बोर्डावर ठेवला. पडदा लख्ख उजळला.

"यो तर जिता हाय, भाऊसाहेब. त्याच्या शेजारी चार तारांची बारकी पिन लागते, ती लावलीत ना?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो, आणि लाल फीत डोळ्यांपुढे आली. गाठीच्या आत, घडी घालून बांधलेली, कशालाच न जोडलेली चार तारांची पिन.

परतताना खरं सांगायचं पक्कं केलं होतं. सुलभा दारातच उभी होती. "जगला का हो?" मागे मेहुणे.

"भोयेने कुंकू साफ केलं. थोडक्यात वाचला," मी म्हणालो. धुळीचं निमित्त सांगून सगळ्यांना बाहेर काढलं, फीत सोडली, पिन लावली. पडदा उजळला, मेहुण्यांनी पाठ थोपटली, आणि गल्लीत मी कॉम्प्युटरमधला जाणकार ठरलो.

सुलभाने त्यानंतर एकाही यंत्राला कुंकू लावलं नाही. खंडेनवमीला मिक्सरपुढे फूलसुद्धा लांबून ठेवायची. "माझा हात यंत्रांना सोसत नाही," असं नव्या शेजारणींना सांगायची. मी पेपर वाचत बसायचो.

गेल्या खंडेनवमीला मुलीने नवी स्कूटी आणली. म्हणाली, "आई, कुंकू तूच लाव." सुलभाने हात मागे घेतला. तेव्हा मात्र माझ्याच्याने पेपर वाचवेना. लाल फितीसकट सगळं सांगून टाकलं.

तिने शांतपणे ऐकलं. उठली, तबक घेतलं, स्कूटीला कुंकू लावलं, मिक्सरला लावलं, फ्रीजला लावलं. शेवटी माझ्यापुढे येऊन माझ्या कपाळावर बोट ओढलं.

"मला कशाला?"

"यंत्रच आहे हेही. पंखा फिरतो, पडदा काळा. इतकी वर्षं वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."

मुलीने माझ्या कपाळाला बोट लावून पाहिलं. "थंडगार आहे, आई."

"भोयेकडे न्यायला हवं," सुलभा म्हणाली.

मी जायला तयार आहे. फक्त या वेळी जीपमध्ये खिडकीची जागा घेणार नाही.